जावातील डेटाबेस ड्रायव्हर आणि नोंदी आणण्याचे नियंत्रण : एक चिकित्सा

प्रस्तावना :
जावा भाषेतून कोणत्याही डेटाबेसशी एकाच पद्धतीने संवाद साधता यावा, या हेतूने १९९७ साली जावाच्या १.१ आवृत्तीत जेडीबीसी समाविष्ट झाले. ‘ड्रायव्हर बदला, प्रोग्राम तोच ठेवा’ हे त्यामागील आश्वासन होय. प्रस्तुत लेखात क्वेरीच्या नोंदी आणण्याच्या संदर्भात या आश्वासनाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
सर्व्हरकडून एका फेरीत किती नोंदी याव्यात हे सांगण्यासाठी १९९८ मध्ये जावा १.२ सोबत ‘सेट-फेच-साइझ’ ही मेथड उपलब्ध झाली. परंतु मानकानुसार ती आज्ञा नसून केवळ सूचना आहे. ती पाळण्याचा निर्णय ड्रायव्हरचा असतो. परिणामी एकाच ओळीचे अर्थ निरनिराळे होतात. ओरॅकलच्या ड्रायव्हरचे मूळ मूल्य दीर्घकाळ १० राहिले आहे. पोस्टग्रेस-क्यूएलचा ड्रायव्हर मुळात सर्व नोंदी एकदम मेमरीत घेतो. ऑटो-कमिट बंद केल्याशिवाय तेथे ही सूचना निष्फळ ठरते. मायएसक्यूएलमध्ये नोंदी एकेक करून घेण्यासाठी पूर्णांकाचे किमान, म्हणजे ऋण मूल्य द्यावे लागते. मानक मात्र ऋण मूल्य ही चूक मानते. येथे आश्वासनाला खुद्द ड्रायव्हरनेच छेद दिला आहे.

याचे परिणाम किरकोळ नाहीत. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठासारख्या विद्यापीठाच्या निकालाच्या सारणीत १ लाख नोंदी आहेत असे मानल्यास, दहा-दहा नोंदींच्या हिशेबाने १०,००० फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीस २ मिलिसेकंद धरल्यास २० सेकंद केवळ येण्याजाण्यात खर्च होतात. हेच मूल्य ५०० केल्यास २०० फेऱ्या व ०.४ सेकंद पुरतात. कळमना बाजारात ट्रकभर संत्री एकेका टोपलीने वाहून नेण्यासारखाच हा व्यवहार आहे. उलटपक्षी, सर्व नोंदी एकदम घेतल्यास मेमरी अपुरी पडून प्रोग्राम बंद पडू शकतो.

‘सेट-मॅक्स-रोज’ हा यावरील उपाय नव्हे. मर्यादेपलीकडील नोंदी ती कोणतीही पूर्वसूचना न देता वगळते. गुणपत्रिकांच्या कामात ही मूक वगळणूक संथपणाहून अधिक घातक ठरेल.

डेटाबेसांची अंतर्गत रचना भिन्न असल्याने सक्तीचा नियम करणे कठीण होते, हा मानकाच्या बाजूचा युक्तिवाद ग्राह्य आहे. तथापि तो स्वीकारल्यास ‘प्रोग्राम तोच’ हा दावा मर्यादित करावा लागतो : प्रोग्राम चालेल, पण तसाच चालेल असे नाही.

निष्कर्ष :
प्रात्यक्षिकात वीस नोंदींच्या सारणीवर हा दोष कधीच दिसत नाही. त्यामुळे विद्यार्थी तो नोकरीच्या ठिकाणी प्रथम अनुभवतो. म्हणून एकच क्वेरी १ लाख नोंदींवर, किमान दोन ड्रायव्हरांसह आणि वेगवेगळ्या मूल्यांनी चालवून वेळ व मेमरी मोजणे, हा प्रात्यक्षिकाचा भाग असणे आवश्यक आहे. ड्रायव्हर हा केवळ जोडणीचा दुवा नसून कार्यक्षमतेचा निर्णायक घटक आहे, हे त्यातूनच स्पष्ट होईल.