भायखळ्याच्या वास्तू आणि स्थलवर्णनकारांची साक्ष

जुनी पोथी हातीं आली म्हणजे तिचा कर्ता कोण, लेखनकाल कोणता, लिपिकार कोण आणि समासांतील मजकूर कोणत्या हातचा, हें आपण प्रथम पाहतों. इमारतीविषयीं मात्र एक सन व एक नांव एवढ्यावर आपलें समाधान होतें. स्थलवर्णनपर लेखनांतील हा दोष किती घातक आहे, हें मुंबईच्या भायखळा या भागावरून दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. एके काळीं कोटाबाहेर वसलेलें हें उपनगर आतां शहराच्या पोटांत आलें आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. ‘बहाव्याचें खळें तें भायखळा’ ही व्युत्पत्ति सिद्धांतासारखी सांगण्यांत येते. पैकीं उत्तरपद निर्विवाद होय; संस्कृत ‘खल’ शब्दापासून मराठी ‘खळें’ नियमानें येतें. लिंगभेदाची अडचणही मोठी नाहीं. ‘खळ्यांत’, ‘खळ्यावर’ हीं रूपें ‘खळें’ व ‘खळा’ या दोहोंचीं एकच असल्यामुळें प्रथमेचें रूप पालटणें सहज शक्य आहे. परंतु ‘बहावा’ शब्दापासून पूर्वपद ‘भाव-’ असें अपेक्षित असतां ‘भाय-’ कां झालें, याचें उत्तर कोणी देत नाहीं. तशीं दुसरीं उदाहरणें पुढें येईपर्यंत ही फोड तर्क म्हणूनच नोंदली पाहिजे.

आतां वास्तूंकडे वळूं. येथील वस्तुसंग्रहालयाचा सन बहुधा १८७२ असा दिला जातो. तो उद्घाटनाचा सन होय. कोटांतील सरकारी संग्रहाची १८५७ च्या धामधुमींत वाताहत झाली. नव्या इमारतीची कोनशिला १८६२ सालीं बसली. १८६५ सालीं कापसाच्या व भागांच्या व्यापाराचें दिवाळें वाजून काम रखडलें. आणि २ मे १८७२ रोजीं संग्रहालय लोकांस खुलें झालें. एकच सन लिहिल्यानें काय नाहींसें होतें तें पाहावें. या कार्याचे पुरस्कर्ते डेव्हिड ससून १८६४ सालीं व नाना शंकरशेट १८६५ सालीं निवर्तले. दोघांसही उद्घाटन पाहावयास मिळालें नाहीं. शेजारचा ससून यांच्या नांवाचा घड्याळाचा मनोरा १८६५ चा, म्हणजे संग्रहालयाच्या उद्घाटनाहून सात वर्षांनीं जुना आहे.

संग्रहालयाचें मूळचें ‘व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट’ हें नांव जाऊन १९७५ सालीं ‘डॉ. भाऊ दाजी लाड’ हें नांव आलें. अजिंठ्याचे शिलालेख वाचणाऱ्या पंडिताचें हें स्मारक सर्वथा उचित होय. परंतु १९७५ पूर्वींच्या दप्तरांत हें नांव शोधणारा रिक्त हस्तें परतेल, याची सूचना अभ्यासकांस मिळाली पाहिजे.

हाच विवेक ग्रंथांसही लावावा. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ चें. या इमारतीपुरतें तें केवळ संकल्पकालाचें साक्षी होय. आचार्य व शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९ चा, म्हणजे उद्घाटनानंतर सतरा वर्षांचा. एडवर्ड्स यांचें गॅझेटियर १९०९ चें असून त्याचा पाया सरकारी दप्तराचा आहे. माडगांवकरांचें मोल प्रत्यक्षदर्शित्वांत आहे. त्यांच्या कालाबाहेरील गोष्ट त्यांच्या माथीं मारणें हा त्यांचा गौरव नव्हे. हे तीन साक्षीदार तीन काळचे असतां त्यांचे मजकूर एकत्र कालवून चौथें पुस्तक सिद्ध करणें याला संशोधन म्हणतां येणार नाहीं.

रेल्वे स्थानकाचीही तीच गत. बोरीबंदर ते ठाणें ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली. स्थानकाची दगडी इमारत १८५७ ची. मार्गाचा सन इमारतीस चिकटवूं नये.

संग्रहालयाच्या आवारांत उभा असलेला दगडी हत्ती तर दुसऱ्या पोथीचें येथें बांधलें गेलेलें पान आहे. ज्यावरून पोर्तुगीजांनीं घारापुरीस ‘एलेफंटा’ म्हटलें, तोच हा. १८६४ सालीं विलायतेस नेण्याच्या खटपटींत तो भंगला व त्याचे तुकडे येथें आले; ते १९१४ सालीं सांधण्यांत आले. हा प्रवास न नोंदतां भायखळ्याच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून कोणी त्याकडे बोट दाखविल्यास घारापुरीचा इतिहास लुळा व भायखळ्याचा खोटा होईल.

सारांश, प्रत्येक वास्तूचे संकल्प, पायाभरणी, पूर्तता, दुरुस्ती आणि नामांतर असे निरनिराळे सन निरनिराळ्या रकान्यांत लिहावे. कोनशिलेवरील लेख ओळींसह जसाच्या तसा उतरावा. दुरुस्तीपूर्वींच्या पाट्यांचे ठसे राखावे. हें संग्रहालय जीर्णोद्धारानंतर २००८ सालीं पुनः उघडलें. जीर्णोद्धार हा वास्तूस दीर्घायुष्य देतो. परंतु पूर्वींचे हात टिपून न ठेवल्यास तोच समासांतील टीपा पुसून टाकणारा लिपिकार ठरतो. पोथीस कसर लागूं नये म्हणून जपणाऱ्या संग्राहकांनीं ही टिपणी आपल्याच कामाचा भाग मानावी.