मधले स्वर : मेल्बा लिस्टनच्या संगीताविषयी

ट्रॉम्बोन हे वाद्य आपल्याकडे बहुधा लग्नाच्या वरातीत किंवा पालकसंताच्या सणाच्या मिरवणुकीतच दृष्टीस पडते. बॅण्डच्या पहिल्या रांगेत घामाघूम झालेला एखादा वादक पितळी नळी पुढेमागे सरकवीत चालत असतो आणि पोरे त्या नळीचा टप्पा चुकवीत त्याच्यापुढे नाचत असतात. नळीला जागा हवी म्हणूनच त्याला पुढे ठेवलेले असते, याचा मान-अपमानाशी काही संबंध नाही. या वाद्याचा उपासनेशी असलेला संबंध मात्र फार जुना आहे. युरोपातील चर्चमध्ये कित्येक शतके गायकवृंदाच्या आल्टो, टेनर आणि बास या स्वरपंक्तींना आधार देण्याचे काम ट्रॉम्बोनने केले. मोत्सार्टच्या 'रेक्विएम'मध्ये अंतिम न्यायाच्या दिवशी वाजणाऱ्या तुतारीचा उल्लेख येतो, तेथेही त्याने एकट्या ट्रॉम्बोनलाच पुढे आणले आहे. या वाद्याला स्वरांची कळ नाही की पडदा नाही. नळीच्या सात जागा वादकाने कानाने आणि हाताच्या अंदाजाने शोधायच्या असतात. त्यामुळे बोबडे वाजविणाऱ्याच्या हाती ते फार केविलवाणे होते, आणि जाणत्याच्या हाती मींड घेणाऱ्या मानवी गळ्याच्या इतके जवळ जाते की दुसरे कोणतेही पितळी वाद्य तेथवर पोहोचत नाही.

परदेशातील नोकरी संपवून परतलेल्या आमच्या एका धर्मग्रामस्थाने काही वर्षांपूर्वी मला जॅझ संगीताच्या सात-आठ सीडी आणून दिल्या. सेमिनरीत मी चार स्वरपंक्तींचे गायन शिकलो असलो, तरी जॅझविषयी माझ्या मनात एक प्रकारचा दुरावा होता. रात्रीच्या क्लबांचे संगीत, एवढीच माझी समजूत. त्या संचातील रँडी वेस्टन या पियानोवादकाची 'उहुरू आफ्रिका' ही ध्वनिमुद्रिका ऐकताना मात्र मी थबकलो. सुरावट पियानोवादकाची होती. पण तिच्या पोटात, मधल्या स्वरांमध्ये, कोणीतरी दुसरेच बोलत होते. वेष्टनावरील बारीक अक्षरांत शोधल्यावर नाव सापडले : संयोजन, मेल्बा लिस्टन.

मेल्बाचा जन्म 13 जानेवारी 1926 रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. सातव्या वर्षी तिने विक्रीस ठेवलेला ट्रॉम्बोन पाहिला आणि हट्ट धरला. हे वाद्य मुलींचे नाही, ते अवघड आहे, यांपैकी काहीच तिला ठाऊक नव्हते; ते तिला सुंदर दिसले, एवढे पुरेसे होते. हात इतके लहान की दूरच्या जागांपर्यंत नळी नेण्यासाठी मान एका बाजूला वळवावी लागे. बरेचसे शिक्षण तिने स्वतःच घेतले, आणि आठव्या वर्षी स्थानिक नभोवाणीवर ती एकटीने वाजविती झाली. 1937 मध्ये कुटुंब लॉस एंजेलिसला आले. तेथे अल्मा हायटॉवर या शिक्षिकेच्या बालवाद्यवृंदात ती तयार झाली, सोळाव्या वर्षी वादकांच्या संघटनेची सभासद झाली, आणि पुढे जेरल्ड विल्सनच्या वाद्यवृंदात दाखल होऊन तेथेच संयोजनाचे धडे गिरवू लागली. शाळासोबती डेक्स्टर गॉर्डन पुढे नामांकित सॅक्सोफोनवादक झाला. 1947 मध्ये त्याने तिच्यासह ध्वनिमुद्रण केले.

संयोजन म्हणजे काय, हे येथे थोडे उलगडून सांगायला हवे, कारण लिस्टनचे खरे कर्तृत्व तेथे आहे. एखाद्याला एक चाल सुचते. ती चाल सोळा-सतरा वादकांनी वाजवायची म्हटली की प्रश्न उभे राहतात : चाल कोणत्या वाद्याने उचलायची, तिच्याखाली कोणते स्वर धरायचे, दुसऱ्या ट्रंपेटने केव्हा गप्प बसायचे, एकल वादनामागे सॅक्सोफोनांनी काय कुजबुजायचे. हे सारे ज्याने स्वरलिपीत उतरवून प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवायचे, तो अरेंजर. हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्या गोमंतकीय ख्रिस्ती संगीतकारांनी मुंबईच्या हिंदी चित्रपटगीतांना वाद्यमेळाचा जो डौल दिला, तो आपण आजही ऐकतो. श्रोत्यांच्या ओठांवर मात्र संगीत दिग्दर्शकांची नावे असतात.

लिस्टनच्या वाट्याला हे अनामिकपण दुहेरी आले. एक तर अरेंजरचे, आणि दुसरे पुरुषांच्या वाद्यवृंदातील एकट्या स्त्रीचे. ख्यातनाम ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी याने तिला कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला बोलावून घेतले, तेव्हा एका बाईला आणण्यासाठी इतक्या दूर कशाला जायचे, अशी कुजबुज वाद्यवृंदात झाली. शब्द याहून पुष्कळ ओंगळ होते. गिलेस्पीने तिने लिहून आणलेले संयोजन वादकांपुढे ठेवायला सांगितले. दोन-चार मात्रांतच मंडळी अडखळून थांबली. तिचे लिखाण त्यांना पहिल्या वाचनात वाजविता येईना, आणि कुजबुज तेथेच थांबली. हा प्रसंग तिने पुढे स्वतःच सांगितला आहे. तो रंजक आहे खरा, परंतु त्यावर खूश होऊन पुढे जाणे मला जमत नाही. पुरुष सहकाऱ्याला जे पहिल्या दिवशी गृहीत मिळे, ते तिला परीक्षा देऊन मिळवावे लागले, आणि तीही दर नव्या ठिकाणी नव्याने.

1949 मध्ये बिली हॉलिडे या गायिकेबरोबर दक्षिणेकडील राज्यांत केलेला दौरा पार फसला. श्रोते येईनात, पैसे संपले. खचलेल्या मेल्बाने पुढे काही वर्षे व्यावसायिक वादन जवळजवळ सोडूनच दिले आणि लॉस एंजेलिसच्या शिक्षण मंडळात कारकुनी पत्करली. याच काळात तिने चित्रपटांतून किरकोळ कामेही केली. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावरून काढलेल्या 1955 च्या 'द प्रॉडिगल'मध्ये नायिकेमागे वीणेसारखे तंतुवाद्य घेऊन चालणारी दासी, आणि 1956 च्या 'द टेन कमांडमेंट्स'मध्ये राजवाड्यातील वादिका. हा दुसरा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी धर्मग्रामाच्या सभागृहात पडद्यावर पाहिला असेल. फाराओच्या दरबारातील गर्दीत त्या काळातील एक श्रेष्ठ संगीतकार उभी आहे, हे मात्र कोणाच्या मनातही आले नसेल.

त्या प्रवासांविषयी आणखी एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. कौटुंबिक वाचनाच्या नियतकालिकात ती लिहावी की नाही, यावर मी विचार केला. सोबतच्या पुरुषांकडून आपल्यावर अत्याचार झाले, हे लिस्टनने उतारवयातील मुलाखतीत उघड केले आहे. जॅझच्या सोनेरी युगाची वर्णने करताना हे वाक्य गाळले, तर ती वर्णने खोटी ठरतील.

1956 साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने गिलेस्पीच्या वाद्यवृंदाला सांस्कृतिक दौऱ्यावर धाडले, तेव्हा त्याने मेल्बाला पुन्हा बोलावले. हा ताफा इराणमधील अबादान, कराची, ढाका, बैरुत, अथेन्स असा फिरला. भारतात तो आला नाही. या पर्वातील तिची संयोजने आज उपलब्ध आहेत, आणि ऐकणाऱ्याने सुरुवात तेथूनच करावी, असे मी सुचवीन. दब्युसीच्या पियानोरचनेवरून घेतलेले 'माय रेव्हरी' हे त्यांतील सर्वांत नितळ. तेथे एकल ट्रॉम्बोनही तिचाच आहे. स्वर गोल, संथ, कोठेही दिखाऊपणा नाही. वेगाने स्वर उधळून टाळ्या घेण्याचा मोह ज्या काळात सर्वांना होता, त्या काळात ती एक-एक स्वर पूर्ण पिकू देते. ग्रीगच्या 'अनित्राज् डान्स'वरून तिने बेतलेले 'ॲनीज् डान्स' मात्र मला चतुराईच्या पलीकडे जाताना दिसत नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीताची खोडकर नक्कल, इतकेच.

1958 मध्ये 'मेल्बा लिस्टन अँड हर बोन्स' ही ध्वनिमुद्रिका झाली. केवळ तिच्या नावाने निघालेली हीच एकमेव. बेनी ग्रीन, जिमी क्लीव्हलँड, अल ग्रे, स्लाइड हॅम्प्टन असे ट्रॉम्बोनवादक तिने जमविले. एकाच जातीची अनेक वाद्ये एकत्र आली की रंग एकसुरी होण्याचे भय असते. ते तिने चुकविले, परंतु ती स्वतः पुरेशी पुढे येत नाही. यजमानीण पंगतीत सर्वांना वाढते आणि स्वतः स्वयंपाकघरात उभ्याने जेवते, तसे काहीसे वाटते.

आणि येथेच एक धर्मगुरू म्हणून माझी अडचण होते. स्वतःला मागे ठेवून इतरांना पुढे करणे हा सद्गुण आहे, असे मी वर्षानुवर्षे वेदीवरून सांगत आलो. लिस्टनला नम्रतेची मूर्ती ठरवून हा लेख आटोपणे मला सहज शक्य होते. पण नम्रता ही स्वेच्छेने दिलेली वस्तू आहे; दुसऱ्याने हिसकावून घेतलेल्या श्रेयाला ते नाव देता येत नाही. ती स्वभावाने संकोची होती, हे तिनेच सांगितले आहे. पण तो संकोच कितपत जन्मजात आणि कितपत अनुभवाने लादलेला, हे वेगळे काढता येईल काय? तिच्या कलेतील मागे राहणे वेगळे, आणि तिच्या आयुष्यातील मागे ठेवले जाणे वेगळे. पहिल्याचे कौतुक करताना दुसऱ्याला क्षमा करू नये.

कलेतील मागे राहणे म्हणजे काय, याचे उत्तर 'उहुरू आफ्रिका' देते. नोव्हेंबर 1960 मध्ये ती ध्वनिमुद्रित झाली. त्या एका वर्षात आफ्रिकेतील 17 राष्ट्रे स्वतंत्र झाली होती. 'उहुरू' म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य. कवी लँग्स्टन ह्यूजने शब्द लिहिले, टांगानिकाच्या तुंतेमेके सांगा यांनी ते स्वाहिलीत उच्चारले, ओलातुंजी, कँडिडो, मॅक्स रोच असे नाना देशांचे तालवादक एकत्र बसले, आणि वीसहून अधिक कलावंतांच्या या मेळाव्याला आकार दिला तो लिस्टनने. तिने स्वतः या ध्वनिमुद्रिकेत ट्रॉम्बोन वाजविलेला नाही. तरीही मला तो सर्वत्र ऐकू येतो. ट्रंपेटच्या चकाकीखाली आणि तालवाद्यांच्या गजरावर, त्या मधल्या पट्ट्यात ती स्वर असे रचते की जणू सगळा वाद्यवृंद एकाच श्वासाने फुगतो आणि ओसरतो. 'आफ्रिकन लेडी' या भागात मार्था फ्लॉवर्सचा उंच स्वर आणि ब्रॉक पीटर्सचा खर्ज एकापाठोपाठ येतात, तेव्हा वाद्यवृंद त्यांच्या वाटेतून बाजूला होतो. तालाच्या आनंदात तो पुन्हा उसळतो. वेस्टनच्या सुरावटी साध्या आहेत, कधीकधी फारच साध्या. त्यांना देह दिला तो मेल्बाने. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने 1964 मध्ये या ध्वनिमुद्रिकेवर बंदी घातली, यावरून तिची ताकद त्या सरकारला तरी नीट कळली होती, असे म्हणायला हवे.

क्विन्सी जोन्सबरोबरचा युरोपचा दौरा, मोटाउन कंपनीच्या लोकप्रिय गीतांसाठी केलेली संयोजने, हा सारा तिच्या चरितार्थाचा आणि अष्टपैलुत्वाचा भाग होता. आपल्या वाचकांना एक नाते जवळचे वाटेल : 1957 मध्ये कॅथोलिक झालेल्या पियानोवादक मेरी लू विल्यम्स यांनी 1964 मध्ये पिट्सबर्ग धर्मप्रांताच्या साहाय्याने जॅझ महोत्सव भरविला, तेव्हा मोठ्या वाद्यवृंदासाठी त्यांनी लिस्टनलाच हाक मारली. दोन स्त्रिया, दोघीही अरेंजर. एकीला दुसरीचे मोल सांगावे लागले नसेल.

1973 पासून सहा वर्षे तिने जमैकाच्या संगीत विद्यालयात अध्यापन केले. 1985 मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि ट्रॉम्बोन कायमचा सुटला. हात गेला, कान राहिला. संगणकाच्या साहाय्याने ती पुन्हा लिहू लागली. 1991 मध्ये ध्वनिमुद्रित झालेली वेस्टनची 'द स्पिरिट्स ऑफ अवर ॲन्सेस्टर्स' ही या काळातील. तिची उतारवयातील ही रचना अधिक विरळ, अधिक धीराची आहे. तरुणपणी जेथे ती चार स्वर भरी, तेथे आता दोन ठेवते. 1993 च्या 'व्होल्कॅनो ब्लूज'च्या दर्शनी पृष्ठावर वेस्टनच्या नावाबरोबर तिचेही नाव छापले गेले. दोघांच्या सहकार्याला तोवर तीन तपे होत आली होती. 23 एप्रिल 1999 रोजी लॉस एंजेलिस येथे तिचे निधन झाले.

सेमिनरीच्या गायकवृंदात मी दुसरा टेनर गात असे. ती मधली पंक्ती. मिस्सेनंतर तिची चाल गुणगुणत कोणी घरी जात नाही. गेल्या आगमनकाळात आमच्या गायकवृंदातील दुसऱ्या टेनरला, एका बारावीतल्या मुलाला, मी 'आफ्रिकन लेडी' ऐकविले. त्याने ते दोनदा ऐकले आणि विचारले, "फादर, हा मधला ट्रॉम्बोन कोण वाजवतो?" मी वादकांची तिन्ही नावे सांगितली : क्वेंटिन जॅक्सन, स्लाइड हॅम्प्टन, जिमी क्लीव्हलँड. आणि हेही सांगितले की, ज्या ट्रॉम्बोनवादिकेने त्यांच्यासाठी हे लिहिले, ती त्या वेळी त्यांच्यासमोर उभी राहून मात्रा देत होती. त्याने तो भाग तिसऱ्यांदा लावला.