‘वन मोअर टाइम’ : पुनरावृत्ती, विराम आणि ऋण

यंत्रनिर्मित नृत्यसंगीताची समीक्षा बहुधा दोन टोकांना जाते. एका टोकाला ते केवळ नाचण्याचे साधन मानले जाते व कलाविचारात त्याची गणनाच होत नाही. दुसऱ्या टोकाला खपाचे आकडे हाच त्याच्या श्रेष्ठतेचा पुरावा ठरतो. ‘डाफ्ट पंक’ या पॅरिसच्या जोडीने नोव्हेंबर २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘वन मोअर टाइम’ या एकगीत ध्वनिमुद्रिकेच्या वाट्याला या दोन्ही भूमिका आल्या. तिची घडण कशी झाली, तिच्यावर कोणते आक्षेप घेतले गेले आणि सर्वांत रास्त आक्षेप मात्र कसा मागे राहिला, हे पाहिल्यास पुनर्रचनेवर उभ्या राहणाऱ्या कलेच्या मूल्यमापनाचा एक मूलभूत प्रश्न समोर येतो.

तोमा बांगाल्तेर व गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो यांचा ‘होमवर्क’ (१९९७) हा पहिला संग्रह शिकागोच्या ‘हाउस’ संगीताच्या परंपरेतला होता. त्यानंतरच्या ‘डिस्कव्हरी’ (२००१) या संग्रहाचे ध्वनिमुद्रण बांगाल्तेर यांच्या घरच्या ध्वनिकक्षात झाले. ‘वन मोअर टाइम’ हे त्यातील पहिले गीत १९९८ मध्येच पूर्ण झाले होते. ते सुमारे दोन वर्षे अप्रकाशित राहिले. गायक व सहलेखक रोमॅन्थनी हे न्यू जर्सीतील हाउस संगीताचे एक जाणते रचनाकार. गीताचा कणा असलेली ब्रास वाद्यांची घोषणावजा सुरावट मात्र नव्याने वाजविलेली नाही. एडी जॉन्स यांच्या ‘मोअर स्पेल ऑन यू’ (१९७९) या डिस्को गीतातून घेतलेल्या ध्वनीचे बारीक तुकडे पाडून, त्यांचा क्रम बदलून व ते पुन्हा जोडून ती सिद्ध झाली आहे. तालयंत्राच्या प्रत्येक आघाताबरोबर उरलेला ध्वनी दबतो आणि लगेच उसळतो. त्यामुळे संपूर्ण रचना श्वासोच्छ्वास करीत असल्याचा भास होतो.

या गीतावरील पहिला आक्षेप पुनरावृत्तीचा. शब्द मोजके, सुरावट एक, ठेका अखंड. तेव्हा यात रचना कोठे आहे, असे विचारले गेले. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये मांडलेली संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे येथे उपयोगी पडतात. गीताच्या पूर्वार्धात केवळ संवाद आहे : तेच वाक्य, तोच आघात, तीच उसळी. मध्यावर ठेका नाहीसा होतो, आणि तो मिनिटाहून अधिक काळ परतत नाही. नृत्यासाठी केलेल्या गीतात नृत्याचा आधारच इतका वेळ काढून घेणे हा साधा अलंकार नव्हे. तो रचनेचा आधारस्तंभ आहे. पाऊल थांबते, कान मात्र न वाजणारा ठेका मोजत राहतो. हा विरोध जितका लांबतो तितकी पूर्वार्धातील पुनरावृत्ती अर्थपूर्ण ठरते. कारण जे अंगवळणी पडले आहे त्याचीच उणीव भासू शकते. पुढे ठेका परततो तेव्हा समतोल साधला जातो, आणि ‘पुन्हा एकदा’ हा शीर्षकातील आग्रह गीताच्या आकृतीत प्रत्यक्ष उतरतो.

दुसरा आक्षेप आवाजाचा. गायकाचे बेसूर स्वर सुधारण्यासाठी १९९७ मध्ये आलेल्या ‘ऑटो-ट्यून’ या साधनाचा वापर येथे लपविलेला नसून उघड आहे. शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ने (१९९८) हा ध्वनी सर्वतोमुखी केला होता, तरीही रोमॅन्थनी यांच्यासारख्या समर्थ गायकाचा आवाज यंत्राच्या स्वाधीन करणे अनेकांना विटंबना वाटली. वस्तुतः या योजनेचे प्रयोजन मधल्या विरामात कळते. ताल गळून पडल्यावर निर्व्याज मानवी स्वर ऐकू येईल अशी श्रोत्याची अपेक्षा असते. तेथेच आवाजाचे यांत्रिक रूप सर्वांत ठळक होते, आणि त्यातील उत्कटता मात्र कमी होत नाही. मानवी भावना यंत्राच्या पलीकडे कोठेतरी सुरक्षित असते, ही समजूतच हे गीत नाकारते.

स्वागताचा इतिहास या विवेचनाशी जुळतो. फ्रान्समध्ये गीत विक्रीच्या यादीत पहिल्या, ब्रिटनमध्ये दुसऱ्या स्थानी गेले. समीक्षकांचे मत मात्र सावकाश बदलले. ‘पिचफोर्क’ या अमेरिकी संगीतविषयक नियतकालिकाने ‘डिस्कव्हरी’ला २००१ मध्ये दहापैकी ६.४ गुण दिले होते. २०२१ मध्ये फेरविचार करून त्याच संग्रहाला पूर्ण दहा गुण दिले. कलाकृती तीच राहिली. वीस वर्षांत कान बदलले.

तथापि या बदललेल्या निवाड्यातही एक उणीव आहे. तुकड्यांच्या पुनर्रचनेची स्तुती करताना मूळ गीताला केवळ कच्चा माल समजण्याची सवय समीक्षेस जडली. ‘डिस्कव्हरी’च्या श्रेयपत्रिकेत काही उसन्या ध्वनींचा उल्लेख आहे, एडी जॉन्स यांचे नाव नाही. २०२१ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने त्यांचा शोध घेतला, तेव्हा ते हलाखीतून गेल्याचे व या जगप्रसिद्ध गीतापासून त्यांना काहीही मिळाले नसल्याचे उघड झाले. त्यांच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क १९९५ पासून एका फ्रेंच कंपनीकडे होते. मोबदला तेथवर येत होता, पुढे जात नव्हता. या चौकशीनंतर कंपनीने त्यांचा वाटा देण्याची तयारी दर्शविली. दोष केवळ रचनाकारांवर ठेवता येत नाही. परंतु श्रेयपत्रिकेत नाव असते, तर श्रोत्याला आणि समीक्षकाला ते विचारता आले असते.

या संदर्भात गीताच्या दृश्यरूपाकडे नव्याने पाहणे प्राप्त आहे. जपानी चित्रकथाकार लेइजी मात्सुमोतो यांच्या सहकार्याने तयार झालेल्या ‘इंटरस्टेला ५५५५’ (२००३) या चित्रपटाचा आरंभ याच गीताने होतो. दूरच्या ग्रहावर उत्सव चालू असताना तेथील वादकांवर संकट चालून येते. पुढे त्यांना पळवून पृथ्वीवर आणले जाते, त्यांची स्मृती पुसली जाते आणि त्यांच्या संगीतावर दुसराच कोणी धनवान होतो. कलावंताची ओळख हिरावली जाण्याची ही कथा ज्या सुरावटीवर उघडते, त्या सुरावटीचा मूळ गायक अनुल्लेखित असावा, हा विरोधाभास कथेच्या कर्त्यांना अभिप्रेत नव्हता. पण कलाकृतीच्या अर्थात तो आता सामील झाला आहे.

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. नवी आकृती निर्माण झाली काय, हा सौंदर्याचा प्रश्न. त्याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. ती कोणाच्या श्रमावर उभी आहे, हा ऋणाचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याची फेड करीत नाही, आणि दुसऱ्यातील अन्यायामुळे पहिल्याचे उत्तर खोटे ठरत नाही. ‘वन मोअर टाइम’चा मधला विराम ऐकताना अनुपस्थित ठेक्याची जाणीव ठेवणाऱ्या अभ्यासकाने, ठेका परतल्यावर त्यासोबत येणारी ब्रासची हाक प्रथम कोणाच्या गीतात ऐकू आली होती, याचीही नोंद केली पाहिजे.