व्हिडिओ गेमची किंमत : सेगा ते सोनी, व्हाया कराड

एप्रिल १९९५मध्ये सेगा या जपानी कंपनीने भारतातल्या विक्रीसाठी शॉ वॉलेसशी करार केला. शॉ वॉलेस हे नाव आपल्याकडे मद्यामुळे माहीत. पण तेव्हा आयात व्हिडिओ गेमवर ८० टक्के सीमाशुल्क होते आणि त्यातून वाट काढायची तर इथला भागीदार हवा होता. एवढा खटाटोप करूनही सेगाचे ‘मेगा ड्राइव्ह’ भारतात विकायला आले ते १८,००० रुपयांना. हे यंत्र जपानमध्ये १९८८च्या ऑक्टोबरात बाजारात आले होते, म्हणजे इथे पोहोचेपर्यंत ते सहा-साडेसहा वर्षांचे जुने झाले होते. त्याच १९९५च्या सप्टेंबरात सोनीने अमेरिकेत कोरे करकरीत ‘प्लेस्टेशन’ २९९ डॉलरला विकायला काढले. तेव्हाच्या सुमारे ३२ रुपयांच्या डॉलरने त्याचे साडेनऊ हजार होतात. अमेरिकेतल्या मुलाला नवे यंत्र ज्या पैशांत मिळत होते, त्याच्या जवळजवळ दुप्पट पैसे भारतातल्या मुलाच्या बापाने जुन्या यंत्रासाठी मोजावेत, असा तो व्यवहार होता.

भारतात कन्सोल का रुजला नाही, या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर मिळते : भारतीय ग्राहक पैसे सोडत नाही, त्याला सगळे फुकट किंवा नकली हवे असते. मासिकांतून, व्यापाऱ्यांच्या बोलण्यातून, अगदी खेळणाऱ्या मुलांच्या तोंडूनही हे ऐकायला येते. मला ते पटत नाही. या ग्राहकाच्या खिशाकडे पाहून किंमत ठरवण्याचे काम मोठ्या कंपन्यांनी क्वचितच केले. ज्यांनी केले त्यांना ग्राहक मिळाला. ते बहुतेक वेळा नक्कल करणारे होते, ही गोष्ट वेगळी.

त्यासाठी आधी या धंद्याचा हिशेब समजून घ्यावा लागेल. १५ जुलै १९८३ या एकाच दिवशी जपानमध्ये दोन यंत्रे विक्रीला आली. निन्टेन्डोचे ‘फॅमिकॉम’ १४,८०० येनला आणि सेगाचे ‘एसजी-१०००’ १५,००० येनला. दोनशे येनचा फरक. नफा यंत्रात ठेवायचा नाही, तो कॅसेटवर मिळवायचा आणि दुसऱ्या कंपन्यांना कॅसेट काढायच्या असतील तर त्यांच्याकडूनही परवान्याचे पैसे घ्यायचे, ही पद्धत निन्टेन्डोने पक्की केली. आपल्याकडे प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग असते, तसेच हे. म्हणून सगळी चुरस यंत्राच्या किमतीवर. १९९४च्या अखेरीस जपानमध्ये सेगाचे ‘सॅटर्न’ ४४,८०० येनला आणि दोन आठवड्यांच्या आत सोनीचे प्लेस्टेशन ३९,८०० येनला आले. पुढच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या प्रदर्शनात सेगाने ३९९ डॉलर जाहीर केले. मग सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर गेले, ‘२९९’ एवढाच आकडा उच्चारला आणि खाली उतरले. या धंद्यातले सर्वांत परिणामकारक भाषण बहुधा हेच.

हे गणित एका गृहीतावर उभे आहे. घरात यंत्र आले की पाठोपाठ वर्षाला चार-सहा कॅसेट येतील, हे ते गृहीत. ज्या घरात यंत्रच एकदा, दिवाळीच्या बोनसमधून किंवा मुलाच्या दहावीच्या निकालानंतर येते, तिथे ते कोलमडते. तिथे शाई परवडत नाही म्हणून प्रिंटरच घेतला जात नाही.

आमच्या कोयनानगरसारख्या ठिकाणी हे स्पष्ट दिसायचे. धरण आणि वीजप्रकल्पाभोवती उभी राहिलेली ही वसाहत. पगार महिन्याच्या महिन्याला, घरोघरी टीव्ही, आणि वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, म्हणजे पोरे चार महिने घरात कोंडलेली. व्हिडिओ गेमला याहून चांगले गिऱ्हाईक कुठे सापडणार? पण इथे ना सेगा पोहोचली, ना निन्टेन्डो. पोहोचले ते ‘मीडिया’, ‘लिटिल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांचे खोके. पाटणला किंवा पन्नास-साठ किलोमीटरवरच्या कराडला जायचे, खेळण्यांच्या नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात घासाघीस करायची आणि पिशवीत खोका घेऊन एसटीने परत यायचे.

या बहुतेक खोक्यांच्या पोटात फॅमिकॉमच होता. तैवानमधल्या कारखान्यांनी त्याच्या चिपची नक्कल केली होती. पुढे सगळे यंत्र एकाच चिपवर मावू लागले तशी किंमत आणखी उतरली. सोबत एक बंदूक, दोन रिमोट आणि ‘९९९९९९ इन १’ असे छापलेली कॅसेट. त्यात खरे खेळ मोजून दहा-वीस. बाकी तेच खेळ नाव, रंग किंवा सुरुवातीची पायरी बदलून पुन्हा मांडलेले. ‘टँक १९९०’ हा घराघरांत खेळला गेलेला खेळ म्हणजे नामकोच्या १९८५च्या ‘बॅटल सिटी’चा फेरफार केलेला अवतार. एका अख्ख्या पिढीला मारिओ आणि कॉन्ट्रा तोंडपाठ होते, पण निन्टेन्डो आणि कोनामी ही नावे ठाऊक नव्हती.

याला चोरी म्हणता येईल, आणि ती होतीच. ज्यांनी खेळ रचले त्यांना यातला एक रुपयाही गेला नाही. पण समीक्षकाने इथेच थांबू नये. या नकली यंत्राने किंमत कशी मांडली ते पाहावे. त्याने यंत्र आणि खेळ वेगळे विकलेच नाहीत. एकदा पैसे द्या, वर्षभर मागणार नाही, असा तो सौदा होता. कॅसेटचा कंटाळा आला तर शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाशी अदलाबदल. अडॅप्टर जळाला तर टीव्ही दुरुस्त करणारा तो बदलून देई. सुट्टीत तासावर भाड्याने खेळू देणारेही निघाले. ठरावीक पगाराच्या घराला ज्यात पुढचा खर्च अंदाजाबाहेर जात नाही अशी वस्तू हवी असते, हे या खोकेवाल्यांना कळले होते. मुंबईच्या मिताशी कंपनीने पुढे याच जातीची यंत्रे ब्रँडचे नाव, टीव्हीवरची जाहिरात आणि खेळण्यांच्या दुकानांचे जाळे देऊन विकली. मधल्या काळात सेगा-शॉ वॉलेसचे यंत्र किती घरांत पोहोचले असेल, याचा अंदाज कोणीही आपल्या गल्लीवरून करावा.

आशियात इतरत्र काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. दक्षिण कोरियात जपानी सांस्कृतिक मालावर निर्बंध असताना निन्टेन्डोचे यंत्र ह्युंदाईच्या आणि सेगाचे सॅमसंगच्या नावाने विकले गेले. चीनची गोष्ट अधिक रंजक. तिथे शाओबावांग, इंग्रजीत सुबोर, या कंपनीने फॅमिकॉमच्या नकलेला कीबोर्ड जोडला, त्याला ‘अभ्यासयंत्र’ म्हटले आणि जाहिरातीला जॅकी चॅनला घेतले. ‘अभ्यास होईल’ या शब्दांवर आईवडील विरघळतात हे चिनी दुकानदाराला कळले, तसे आपल्याकडच्याही. कीबोर्डवाले असे खोके आपल्या बाजारातही ‘कॉम्प्युटर शिका’ म्हणत आले होते. चीन सरकारने २००० साली कन्सोलवर बंदीच घातली. ती २०१४पासून सैल झाली आणि २०१५मध्ये देशभर उठली. बंदीच्या काळात २००३मध्ये निन्टेन्डोने तिथे ‘आयक्यू प्लेयर’ काढला : ४९८ युआनला यंत्र आणि दुकानातल्या मशीनवरून भरून घ्यायचा खेळ ४८ युआनला. नकलीशी लढायचे तर खेळ स्वस्त करावा लागेल, हे खुद्द निन्टेन्डोने तिथे मान्य केले. भारतासाठी तिने असा विचार केल्याचे दिसत नाही. २०१७चे तिचे ‘स्विच’ तर भारतात अधिकृतपणे आलेच नाही. ज्याला हवे तो दुबई-हाँगकाँगमार्गे आलेले, वॉरंटीवाचूनचे यंत्र मुंबईच्या बाजारातून घेतो.

सुबोर ज्यांनी नावारूपाला आणली त्या दुआन योंगपिंग यांनी १९९५मध्ये ती सोडून बीबीके ही कंपनी काढली. ओप्पो आणि विवो तिच्यातूनच निघाल्या. आज पाटण तालुक्यातला मुलगा ज्या मोबाइलवर खेळतो, त्याचे कूळ असे नकली फॅमिकॉमपर्यंत पोहोचते.

सोनीने मात्र एकदा शहाणपणा दाखवला होता. २००९च्या सुमारास प्लेस्टेशन २ भारतात सात हजारांच्या आत आले. तोवर ते यंत्र नऊ वर्षांचे जुने झाले होते, पण जगात सर्वाधिक खपलेले आणि हजारो खेळ असलेले. त्याच वर्षी हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने केलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आला, ४९९ रुपयांना. हैदराबादच्याच गेमशास्त्रने ‘देसी अड्डा’ केला. त्यात कबड्डी, विटीदांडू, पतंग. ‘हनुमान’ खेळ म्हणून कच्चा होता. नियंत्रण अडखळणारे, लढाया त्याच त्याच. ‘देसी अड्डा’तही विटीदांडूची खुमारी अंगणातल्या विटीदांडूची नव्हती. पण यांच्या टीकाकारांनी गुणवत्तेवर बोट ठेवले आणि किमतीकडे दुर्लक्ष केले. विदेशी खेळाच्या किमतीच्या अंशात, दुकानात पावतीसह मिळणारा, आपल्या ओळखीचा विषय असलेला खेळ ही कल्पना बरोबर होती. तिला दुसरा, तिसरा, दहावा प्रयत्न मिळायला हवा होता. तो मिळाला नाही, कारण कंपनीचे लक्ष २००७मध्ये ३९,९९० रुपयांना आणलेल्या प्लेस्टेशन ३कडे होते.

तिथून पुढे भारतातली किंमत म्हणजे अमेरिकेच्या किमतीचे भाषांतर. जानेवारी २०१४मध्ये प्लेस्टेशन ४ पुन्हा ३९,९९०लाच आले आणि सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स वनही नेमके ३९,९९०लाच. दोन प्रतिस्पर्धी, एकच आकडा, याला स्पर्धा म्हणणे जिवावर येते. फेब्रुवारी २०२१मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५चा हिशेब करून पाहा. अमेरिकेतली किंमत ४९९ डॉलर, ७३ रुपयांच्या दराने साडेछत्तीस हजारांच्या आत. २० टक्के सीमाशुल्क आणि त्यावरचा अधिभार धरून २२ टक्के, मग १८ टक्के जीएसटी. बेरीज सुमारे साडेबावन्न हजार. भारतातली किंमत होती ४९,९९०. सीमाशुल्क दुकानातल्या किमतीवर नव्हे, आयातीच्या कमी किमतीवर लागते, हे लक्षात घेतले तर कंपनीने पदरमोड केली असे म्हणायला फारशी जागा उरत नाही. मायक्रोसॉफ्टचे २९९ डॉलरचे सिरीज एस याच हिशेबाने बत्तीस हजारांच्या आत बसते. ते आले ३४,९९०ला.

यात सरकारचाही हात आहे. २०१८च्या अर्थसंकल्पात कन्सोलवरचे सीमाशुल्क १० वरून २० टक्के झाले. त्याच डिसेंबरात जीएसटी परिषदेने कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला. एका हाताने दिले त्याच्या आधीच दुसऱ्याने काढून घेतलेले. तेव्हाच्या सीमाशुल्काच्या यादीत कन्सोल जत्रेतल्या खेळांच्या आणि बोलिंगच्या साहित्याच्या पंगतीत बसत होता. संरक्षण द्यावे असा देशी कन्सोल-उद्योग तेव्हा जवळजवळ उरलाच नव्हता. मग शुल्क वाढवून कोणाला वाचवले?

तरीही सगळा दोष कराच्या डोक्यावर टाकता येत नाही, कारण इंटरनेटवरून उतरवून घ्यायच्या खेळावर सीमाशुल्क लागत नाही. २०२१मध्ये प्लेस्टेशन ५चा सोनीचा मोठा खेळ अमेरिकेत ७० डॉलरला आणि भारतात ४,९९९ रुपयांना होता. निव्वळ दराचा गुणाकार. पीसीवर खेळणाऱ्यांसाठी ‘स्टीम’ २०१५पासून रुपयांत किंमत लावते आणि कित्येक खेळ तिथे अमेरिकेपेक्षा बरेच स्वस्त असतात. तिथे जमते ते इथे जमत नाही असे नाही.

मधल्या काळात २०१६ला जिओ आले, मग पब्जी. २ सप्टेंबर २०२०ला पब्जीवर बंदी आली आणि पुढच्या जुलैत तो नवे नाव घेऊन परतला. खेळ फुकट, पैसे हवे तर कपडे-बंदुकांसाठी द्या. ‘९९९९९९ इन १’चा सौदा पुन्हा एकदा जिंकला, यावेळी पूर्ण कायदेशीरपणे. फरक एवढाच की जुना खोका एकदा पैसे घेऊन गप्प बसे. हा रोज हळूच मागतो आणि पालकाला बिल आल्यावर कळते. ज्या ग्राहकाला फुकट्या म्हटले, त्याच्याकडूनच आता थेंबाथेंबाने वसुली चालली आहे.

किंमत खिशाप्रमाणे ठरवता येतच नाही, एका देशात स्वस्त केली तर माल दुसऱ्या देशात पळतो, असा एक प्रतिवाद नेहमी होतो. त्याचे उत्तर जपानने २०२५मध्येच दिले. येन घसरला होता. ४९,९८० येनला आलेले प्लेस्टेशन ५ सप्टेंबर २०२४पर्यंत ७९,९८०वर गेले होते. तेव्हा निन्टेन्डोने जून २०२५मध्ये ‘स्विच २’ दोन प्रकारांत आणले. अनेक भाषांचे ६९,९८० येनला आणि फक्त जपानी भाषेत चालणारे ४९,९८०ला. नोव्हेंबरात सोनीनेही केवळ जपानी भाषेचे, डिस्कविरहित प्लेस्टेशन ५ ५५,००० येनला काढले. आपल्या माणसाला परवडावे आणि माल बाहेर जाऊ नये, यासाठी भाषेचेच कुलूप लावले.

प्लेस्टेशनच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. यादीत ती आली आणि फक्त मराठीत चालणारे यंत्र तीस हजारांत कराडच्या दुकानात मांडले, तर ते दुबईला पळवून नेण्यात कोणत्या दलालाला रस असेल, हे सोनीच्या हिशेबनिसाने एकदा मांडून पाहायला हरकत नाही. आमच्याकडचा पाऊस तर तसाच आहे, चार महिन्यांचा.