हरिषेणाच्या खाली कोण?

१९३९ साली वाशीमला (तेव्हा ते अकोला जिल्ह्यात होते) एक ताम्रपट सापडला आणि वाकाटकांची तोवर मांडलेली वंशावळ मोडली. चमक आणि रिद्धपूर या अमरावती जिल्ह्यातल्या गावांचे ताम्रपट आधीच हाती होते. त्यांतून एक राजमालिका तयार होती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या लेखाची अक्षरे जिथे झिजली होती, तिथे अभ्यासकांनी याच मालिकेतले नाव वाचले. वाशीमच्या पत्र्यावर मात्र पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन आणि त्याचा मुलगा विंध्यशक्ती निघाला. म्हणजे पाती दोन होत्या. वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला, तर त्या झिजलेल्या जागीही सर्वसेनच! ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा हा कर्ता काव्यशास्त्राच्या ग्रंथांत होता, पण तो आपल्या वत्सगुल्माचा राजा, हे कळायला पत्रा निघावा लागला.

योगायोग असा, की ग्रहांच्या कुळकथेवरही त्याच साली घाव बसला. जवळून गेलेल्या ताऱ्याने सूर्यातून वायू ओढला आणि त्याचे ग्रह झाले, ही जीन्स यांची मांडणी तेव्हा प्रतिष्ठित होती. लायमन स्पिट्झर यांनी गणित करून दाखवले, की इतका तप्त वायू गोळा होणारच नाही, पांगून जाईल.

मिराशींचे ऋण मानूनच माझी तक्रार मांडतो. हरिषेणानंतर वत्सगुल्माचे लेख गप्प होतात. तिथे मिराशींनी दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तली विश्रुताची गोष्ट आणली. तिच्यातला पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण आणि त्याचा विलासी मुलगा अनंतवर्मा म्हणजे शेवटचा वाकाटक, असे त्यांचे म्हणणे. दंडी हरिषेणानंतर सुमारे दोनशे वर्षांनी झाला. शिवाय गोष्टीत वाकाटक हे नावच नाही. ज्यांनी अजिंठ्यातली उसनी जोडणी काढली, त्यांनीच ही दुसरी बसवावी?

आइसलँडच्या स्नोरीने तेराव्या शतकात स्वीडनच्या राजांची माळ थेट ओडिन देवापासून ओवली, तीही बरीचशी एका जुन्या काव्याच्या आधाराने. तिच्यातला फ्योल्निर राजा मधाच्या दारूच्या पिंपात बुडून मरतो. ते वाचून आपण हसतो. अनंतवर्म्याला मात्र सनावळीत पाट मांडून देतो. पुढे वाल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याचा कालक्रम लावताना याच गोष्टीचा आधार घेतला. त्यामुळे लेण्यांची वर्षेही आता तिच्यावर टेकली आहेत.

आमच्याकडे कुणी वंशवृक्ष मागितला, तर मी हरिषेणाखाली तुटक रेघ ओढतो आणि नावाची जागा कोरी ठेवतो.