मेजवानीची पारख कोणाला?

म्हाताऱ्या माणसांनी नीट जेवावं म्हणून हल्ली यंत्रं आणि ॲप तयार होतात. ती तयार होताना म्हाताऱ्यांना विचारायचं का? आणि विचारायचं तर कधी? आजचा विषय एवढाच आहे.

हा वाद आपल्याला थेट ग्रीकांपर्यंत नेता येतो. प्लेटोच्या 'गॉर्जियस'मध्ये सॉक्रेटिस म्हणतो, वैद्य आणि मिठाईवाला यांच्यात स्पर्धा लावली आणि पंच म्हणून लहान मुलं बसवली, तर वैद्य उपाशी मरेल. ॲरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या भागात दुसरी बाजू मांडतो. घर कसं आहे हे बांधणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याला अधिक कळतं, आणि मेजवानीची पारख आचाऱ्यापेक्षा पाहुण्याला. आपल्या मते, आहाराचं बरंचसं तंत्रज्ञान अजून प्लेटोच्याच पंगतीला बसलंय. त्याच्या लेखी सत्तरीचा माणूस म्हणजे गोडावर टपलेलं पोर. कॅलरी मोजा, घंटी वाजवा, झालं!

आता एक खरं उदाहरण घेऊ. ब्रिटनमध्ये 2006 साली 'एज कन्सर्न' या संस्थेनं रुग्णालयांतल्या वृद्धांच्या कुपोषणावर अहवाल काढला. नाव होतं 'हंग्री टू बी हर्ड', म्हणजे भूक अन्नाची आणि ऐकलं जाण्याचीही. त्यात सात उपाय सुचवले होते. पहिला उपाय यंत्राचा नव्हताच. वृद्धांचं आणि त्यांच्या माणसांचं ऐका आणि त्याप्रमाणे वागा, असा होता. पुढे न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकारानं 'हॉस्पिटलफूडी' नावाचा एक नमुना तयार झाला. खाटेजवळ स्पर्शाचा पडदा, थोडं थोडं पण अनेकदा खाणं, आणि पोटात किती गेलं याची नोंद. तो घडवताना वृद्ध मंडळी, परिचारिका, आहारतज्ज्ञ, स्वयंपाक विभागातले लोक आणि डिझाईनर एकत्र बसले. ही मोठीच गोष्ट आहे, कारण ताटात काय वाढलं आणि पोटात किती गेलं, यातलं अंतर एकट्या तज्ज्ञाला दिसत नाही.

तरीही आपल्या दोन हरकती आहेत. पहिली अशी, की असल्या बैठकांना येतो तो चालता-बोलता वृद्ध. ज्याला ऐकू येत नाही, ज्याची स्मृती गेली, तो येतच नाही. आणि उपाशी राहण्याचा धोका त्यालाच जास्त. दुसरी हरकत अधिक खोल आहे. पडदा सांगेल की अर्धी वाटी उरली. का उरली? कवळी दुखते, ताट हाताला लागत नाही, की एकट्यानं घास उतरत नाही? हे कोणीतरी शेजारी बसून विचारावं लागतं.

आपल्या घरांत तर आणखी एक अडचण आहे. आजीला विचारा, काय करू जेवायला? ती म्हणेल, 'मला काहीही चालतं.' हे उत्तर नव्हे, ही आयुष्यभराची सवय आहे. डिझाईनरानं ते वहीत लिहून घेतलं, तर त्यानं विचारलं खरं, पण ऐकलं नाही.

म्हणून ॲरिस्टॉटललाही आपण थोडं पुढे न्यायला हवं. पाहुणा पारख करतो ती पानं वाढल्यावर. वृद्धांना तयार ॲप चाखायला देणं म्हणजे तेवढंच झालं. स्वयंपाक काय करायचा हे ठरतानाच त्यांना बोलवा. 'हे यंत्रच नको, जेवताना सोबत हवी' असं म्हणायचा हक्क त्यांना असेल, तरच त्याला सहभाग म्हणता येईल.

एवढं बोलून थांबू. आता प्रश्न घेऊ.