पायऱ्यांपाशी थांबलेली खुर्ची

नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकांनी ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून वाखाणले. हे कौतुक यथोचित असले तरी अपुरे आहे, असे आम्हांस वाटते.

ऐन उमेदीच्या वयात कमरेखालची संवेदना गेलेली कोल्हापूरची एक मुलगी. स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून उद्योग सांभाळणाऱ्या बाबूकाका दिवाण यांची तिला झालेली भेट. पुढे नोकरी, आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ या संस्थेची स्थापना. एवढेच पाहिले, तर लेखिकेस मनोमन वंदन करून आपण पुस्तक मिटतो आणि आपल्यावरची जबाबदारीही तिच्याच जिद्दीवर सोपवून मोकळे होतो. वास्तविक, वसतिगृह, शिक्षण आणि रोजगार उभे करणारे हे कार्य दयेचे नाही, न्यायाचे आहे. पुस्तकाचे मर्म आम्हांस तेथे दिसते.

मार्कच्या शुभवर्तमानातील दुसरा अध्याय येथे आठवतो. पक्षाघाती मनुष्याला चौघांनी उचलून आणले. दारातून वाट मिळेना, तेव्हा त्यांनी छप्परच उसकले. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, असे मार्क सांगतो. वाट अडली तेव्हा बदलावे लागले ते घराला, ही गोष्ट आमच्या प्रवचनांत क्वचितच येते.

हा दोष आमचाही आहे. परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात अपंग मुलाच्या आईला आम्ही क्रूस धीराने वाहण्याचा उपदेश केला. ती म्हणाली, “फादर, लेकराला मिस्साला आत कसं आणू, ते आधी सांगा.” दारापुढे चार पायऱ्या होत्या. त्या आम्ही रोज चढत होतो. पण त्या दिवशी प्रथमच पाहिल्या.

‘पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे?’ हा शिष्यांचा प्रश्न प्रभूने योहानाच्या नवव्या अध्यायात नाकारला. तरी ‘मागल्या जन्मीचे भोग’ आणि ‘देवाची शिक्षा’ हे शब्द आपल्या घरांतून गेलेले नाहीत. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ शब्द रूढ झाला. परंतु नाव बदलल्याने पायरी खाली येत नाही.

हे पुस्तक प्रत्येक कुटुंबाने वाचावे. मात्र वाचून झाल्यावर डोळे पुसण्याआधी आपल्या घराचा आणि आपल्या देवालयाचा उंबरा एकदा पाहावा.